बेसच्या ठोक्याला दिवे मिणमिणतात तेव्हा

वाचकांचे प्रश्न : गाडीतली साउंड सिस्टिम आणि तिचा वीजपुरवठा

या वेळची पत्रं बहुतेक एकाच दुखण्याची आहेत. ॲम्प्लिफायर मोठा बसवला, पण गाडीची वीज त्याला पुरेना. पत्रं थोडक्यात दिली आहेत. वेगळं म्हटलं नसेल तिथे उत्तर १२ व्होल्टच्या गाडीसाठी समजावं.

प्रश्न : माझी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. डिकीत १२ इंची सबवूफर, त्याला क्लास डी मोनो ॲम्प (१ ओहमला १००० वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद), आणि दारांतल्या स्पीकरना चार चॅनेलचा क्लास एबी ॲम्प (दर चॅनेल ७५ वॉट). रात्री सिग्नलला थांबलो की बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. दुकानदार म्हणतो, २ फॅरडचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारी डबी) टाका. मित्र म्हणतो, बॅटरी मोठी घे. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तूर्त कुणाचंच नको. आधी जमाखर्च मांडू.

मोनो ॲम्प १ ओहमवर चालताना त्याची कार्यक्षमता ७५ टक्के धरा. १००० वॉट बाहेर द्यायला तो साधारण १३३० वॉट आत घेतो, म्हणजे १३.५ व्होल्टला जवळजवळ १०० अँपिअर. क्लास डी आणि क्लास एबी या ॲम्पच्या दोन जाती. क्लास एबी जास्त वीज वाया घालवतो, त्याची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे त्याचे ३०० वॉट ४० अँपिअर मागतात. झाले १४०. गाणं काही सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही. साध्या गाण्यात सरासरी ओढ याच्या एक तृतीयांश असते, बेसवर बेतलेल्या गाण्यात निम्म्यापर्यंत जाते. म्हणजे सरासरी ४५ ते ७० अँपिअर, आणि ठोक्याच्या क्षणी १४०.

आता गाडीचा स्वतःचा खर्च बघा. पावसाळ्यातली रात्र धरू. हॅलोजन हेडलाइट ८ ते ९ अँपिअर, एसीचा ब्लोअर १० ते १४, एसी चालू म्हणून रेडिएटरचा पंखाही चालू, त्याचे १२ ते १५. इंधन पंप, इंजेक्टर, इग्निशन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मिळून १० धरा, वायपर ४. हे सगळं ४५ ते ५० वर जातं. मागच्या काचेचा डीफॉगर लावलात तर आणखी १० ते १२.

छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) साधारण ६५ ते ९० अँपिअरचा असतो. पण हा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा. आयडलवर (गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना) तोच अल्टरनेटर निम्म्याच्या आसपास देतो. म्हणजे सिग्नलला थांबल्यावर तुमच्या गाडीची स्वतःचीच गरज कशीबशी भागते आणि गाण्याची सगळी वीज बॅटरीतून जाते. त्यामुळे व्होल्टेज १४ वरून १२.५ च्या खाली उतरतं. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त वेगाने कमी होतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी पडतो, म्हणून डोळ्याला ते लगेच दिसतं. (एलईडी हेडलाइटला आत ड्रायव्हर असतो, ते मिणमिणत नाहीत. त्यामुळे ‘माझे दिवे स्थिर आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे’ असं एलईडीवाल्यांनी समजू नये.)

कपॅसिटरचा हिशेब केला की तो प्रश्न मिटतो. २ फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १३ व्होल्टपर्यंत उतरताना २७ ज्यूल ऊर्जा देतो. तुमचा मोनो ॲम्प एकटा १३३० वॉट घेतो. म्हणजे हा साठा ०.०२ सेकंदात संपतो. ४० हर्ट्झच्या सुरातली एक लाटच मुळी ०.०२५ सेकंदाची असते. एक लाटही पुरी होत नाही, आणि बेसचा ठोका पाव ते अर्धा सेकंद चालतो. वर रिकामा झालेला कपॅसिटर भरायलाही त्याच अल्टरनेटरकडे हात पसरावा लागतो. ते पैसे केबलवर घाला.

मोठ्या बॅटरीने व्होल्टेज पडणं थोडं कमी होतं, पण बॅटरी वीज तयार करत नाही. गावातल्या गावात, सिग्नल-सिग्नलवर थांबत गाडी चालवत असाल तर महिन्याभरात मोठी बॅटरीही अर्धवट भरलेली राहू लागते, आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं.

काम या क्रमाने करा. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून चार आकडे कागदावर घ्या : रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज (१२.६ च्या आसपास हवं), इंजिन चालू करून (बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५), एसी आणि दिवे लावून, आणि शेवटी त्यातच गाणं लावून आयडलवर. शेवटचे दोन आकडे बॅटरीच्या टोकांवर घ्या आणि ॲम्पच्या टोकांवरही घ्या. बॅटरीवर १३.४ आणि ॲम्पवर १२.२ दिसत असेल तर दोष केबल किंवा अर्थचा (मायनस बॉडीला जोडणाऱ्या जोडाचा) आहे, तो स्वस्तात निघतो. बॅटरीवरच १२.३ दिसत असेल तर अल्टरनेटर कमी पडतोय.

तसं निघालं तर आधी ‘बिग थ्री’ करा (पुढचं उत्तर पाहा) आणि आयडलवर आवाज कमी ठेवण्याची सवय लावा. एवढ्यावर भागलं नाही तरच मोठा अल्टरनेटर. त्याचे आपल्याकडे दोन मार्ग आहेत. एक, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा किंवा वरच्या व्हेरियंटचा जास्त अँपिअरचा अल्टरनेटर. त्याची ब्रॅकेटची भोकं, पुलीच्या खाचा आणि मागचा प्लग, तिन्ही जुळायला हवं. दुसरा मार्ग रिवाइंडिंगचा, आणि तिथे जपून. जाड तारेचे कमी वेढे घातले की कमाल अँपिअर वाढतात हे खरं, पण अल्टरनेटर चार्जिंग सुरू करण्यासाठी जास्त वेग मागतो. हायवेला झकास आणि सिग्नलला आधीपेक्षा वाईट, असा प्रकार होतो. शिवाय रेक्टिफायरचे डायोड जुनेच ठेवले तर ते वाढीव करंटला जळतात. रिवाइंडरला पहिला प्रश्न ‘आयडलला किती देईल?’ हाच विचारा.

बेल्टचंही बघा. १४ व्होल्टला १४० अँपिअर म्हणजे १९६० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५-६० टक्के धरली तर तो बेल्टवरून साडेचार हॉर्सपॉवर ओढतो. जुना, चकचकीत झालेला बेल्ट घसरतो, किंचाळतो, आणि नव्या अल्टरनेटरला नावं ठेवली जातात.

प्रश्न : ‘बिग थ्री’ घरी करता येईल का? नेमक्या कोणत्या वायरी, किती जाडीच्या?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करता येईल. तीन केबली वाढवायच्या असतात : अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत, आणि इंजिन ब्लॉकपासून बॉडीपर्यंत. कंपनीच्या मूळ वायरी काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला या टाकायच्या.

एकूण ओढ १०० अँपिअरपर्यंत असेल तर ३५ चौरस मिलिमीटर तांबं पुरे. त्यापुढे ५०. हॅचबॅकमध्ये तिन्ही मिळून दोन-अडीच मीटर केबल लागते. अल्टरनेटर ते बॅटरी या केबलला बॅटरीच्या बाजूला फ्यूज हवाच, अल्टरनेटरच्या अँपिअरपेक्षा थोडा जास्त पण केबलला झेपेल इतकाच. बाकी दोन अर्थच्या केबली, त्यांना फ्यूज लागत नाही.

काम सुरू करताना मायनसचं टर्मिनल सगळ्यात आधी काढा, जोडताना ते सगळ्यात शेवटी. पाना प्लसवर असताना बॉडीला टेकला तर मायनस सुटलेलं असल्यामुळे काही होत नाही. उलट क्रमाने केलंत तर पान्याचं वेल्डिंग होतं.

थिंबल (केबलच्या टोकाला बसवायची, बोल्टसाठी भोक असलेली धातूची नळी) बसवण्यात बहुतेकांचं चुकतं. केबलचं इन्सुलेशन थिंबलच्या नळीच्या लांबीइतकंच सोला, तारा कापल्या जाता कामा नयेत. सगळ्या तारा नळीत गेल्याच पाहिजेत, दोन-चार बाहेर वाकवून बसवणं नको. मग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. पक्कडीने किंवा हातोडीने चेपलेलं थिंबल वरून घट्ट वाटतं, पण आत तारांमध्ये पोकळी राहते, तिथे ते तापतं, आणि वर्षभरात इन्सुलेशन तपकिरी पडतं. क्रिम्पर विकत घ्यायची गरज नाही, इन्व्हर्टर-सोलरची कामं करणाऱ्याकडे तो असतो. दाबल्यावर केबल आणि थिंबल दोन हातांनी जोर लावून ओढून बघा. शेवटी आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा.

बॉडी अर्थची जागा रंगावर चालत नाही. एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासून पत्रा चांदीसारखा चमकवा. ८ मिलिमीटरचा बोल्ट, त्याला दातेरी वॉशर, थिंबल थेट पत्र्याला टेकलेलं, वॉशर त्याच्या वर. घट्ट केल्यावर बाहेरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. घट्ट करण्याआधी मधे ग्रीसचा थर भरू नका.

एक इशारा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनललाच एक छोटी काळी डबी आणि बारीक वायरचा प्लग दिसतो. तो बॅटरी सेन्सर. बॅटरीतून किती वीज गेली-आली हे तो मोजतो आणि त्यावर ईसीयू अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवतो. तुमची अर्थची केबल थेट मायनसच्या खुंटाला लावलीत तर तेवढी वीज सेन्सरला न दिसताच निसटते, बॅटरी भरलेली आहे असा ईसीयूचा समज होतो आणि चार्जिंग कमी राहतं. अशा गाडीत केबल सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूलाच लावा. ॲम्पची अर्थही बॉडीवरच.

आणि स्मार्ट हायब्रिड गाडी असेल, म्हणजे स्टार्टर-जनरेटर एकच आणि सीटखाली वेगळी लिथियम बॅटरी, तर अल्टरनेटरच्या बाजूला हात घालू नका. तिथलं चार्जिंग दोन बॅटऱ्यांचा ताळमेळ बघून चालतं.

प्रश्न : ‘४ गेज’ लिहिलेलं ॲम्प किट घेतलं. १००० वॉटला पुरेल असं सांगितलं होतं. ॲम्पजवळ वायर हाताला गरम लागते. गेज म्हणजे नेमकं किती?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं ४ गेज म्हणजे २१ चौरस मिलिमीटर तांबं. ८ गेज म्हणजे साडेआठ, आणि ० गेज म्हणजे सुमारे ५३. स्वस्त किटांमध्ये दोन फसवणुकी असतात. वरचं प्लॅस्टिक जाड आणि आतला धातूचा गाभा बारीक. आणि तो धातूही तांबं नसतो, ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ही तार तांब्याच्या ६० ते ६५ टक्केच वीज वाहते.

घरी ओळखायची असेल तर एक बारीक तार सुटी करून ब्लेडने खरवडा. आत पांढरी चंदेरी निघाली की ॲल्युमिनियम. तांबं आतपर्यंत लालसरच असतं. कथील चढवलेलं खरं तांबं बाहेरून चंदेरी आणि आतून लाल दिसतं, तेव्हा उलटं समजून चांगली केबल टाकून देऊ नका.

बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर केबल आणि ९० अँपिअर धरून बघा. २५ चौरस मिलिमीटर तांब्यात ०.३१ व्होल्ट गळतात, ३५ मध्ये ०.२२, ५० मध्ये ०.१५. तुमच्या किटमध्ये खरा गाभा १३ चौरस मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा निघाला तर जवळजवळ एक व्होल्ट जातो, आणि तो व्होल्ट गुणिले ९० अँपिअर म्हणजे ९० वॉट उष्णता तुमच्या गालिच्याखाली तयार होते. संपूर्ण मार्गात, प्लस आणि अर्थ मिळून, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाऊ देऊ नये.

आपल्याकडे वेल्डिंग केबल हा चांगला आणि परवडणारा पर्याय आहे. बारीक तारांची, लवचीक, आणि जाडी चौरस मिलिमीटरमध्ये छापलेली. ती तांब्याची आणि ॲल्युमिनियमची अशी दोन्ही मिळते, तेव्हा दुकानातच टोक खरवडून बघा. तिचं रबर इंजिनजवळच्या उष्णतेला आणि तेलाला फार टिकत नाही, म्हणून बॉनेटमध्ये वरून कॉरुगेटेड नळी चढवा. केबिनच्या पत्र्यातून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार सहा महिन्यांत इन्सुलेशन कापते.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो ॲम्पसाठी नसतो, केबलसाठी असतो. केबल वाटेत कुठे शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा उघडाच राहतो, म्हणून तो जितका लहान तितकं बरं. २१ चौरस मिलिमीटरला जास्तीत जास्त १२५ ते १५० अँपिअर, ५० ला २५० ते ३००. काचेच्या नळीचे फ्यूज ६० अँपिअरच्या वर वापरू नका. त्यांच्या टोपणाचा झाळ तापून सुटतो आणि फ्यूज शाबूत दिसत असूनही वीज बंद होते. एएनएल किंवा मिनी एएनएल पट्टीचे घ्या.

प्रश्न : ॲम्पवर ३००० वॉट छापलंय, मागे २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. किती जाडीची केबल टाकू?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : फ्यूज खोटं बोलत नाहीत. ५० गुणिले १३.८ म्हणजे आत जास्तीत जास्त ६९० वॉट. क्लास डी असेल तर बाहेर पाचशेच्या आसपास, क्लास एबी असेल तर साडेतीनशे-पावणेचारशे. २५ चौरस मिलिमीटर तांबं, बॅटरीजवळ ६० किंवा ८० चा फ्यूज. विषय संपला.

प्रश्न : इंजिन चालू असलं की स्पीकरमधून बारीक शिटी येते, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. आरसीए वायर (ॲम्पला गाण्याचा सिग्नल देणारी) दोनदा बदलली. गाडी समुद्राजवळच असते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शिटी इंजिनाच्या वेगाबरोबर चढते म्हणजे ती अल्टरनेटरची. प्रश्न एवढाच की ती आत शिरते कुठून.

सिस्टिम बंद करून ॲम्पच्या मागच्या आरसीए वायरी काढा, मग इंजिन आणि ॲम्प चालू करा. शिटी तशीच राहिली तर ती ॲम्पच्या पॉवर किंवा अर्थमधून येते. गेली तर वायरी पुन्हा लावा, हेड युनिटचं (डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरचं) टोक काढा, पुन्हा ऐका. आता आली तर आरसीए वायर पॉवर केबलच्या शेजारून गेली आहे. पॉवर एका बाजूच्या उंबऱ्यातून, आरसीए दुसऱ्या बाजूने, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. हेड युनिट जोडल्यावरच येत असेल तर हेड युनिटच्या अर्थकडे बघा.

इथे एक छुपा दोष असतो. हेड युनिट चालू असताना कुणी आरसीए काढ-घाल केली असेल तर काही हेड युनिटमधला आरसीएच्या अर्थचा तांदळाएवढा फ्यूज उडतो. बाहेरून काहीच कळत नाही, गाणं वाजतं, पण शिटी कायमची. तपासायला एक साधी वायर घ्या, एक टोक आरसीए प्लगच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं हेड युनिटच्या धातूच्या पेटीला टेकवा. शिटी जागच्या जागी बंद झाली तर तोच दोष. फ्यूज दुरुस्त होईपर्यंत ती वायर तशीच पक्की केली तरी चालतं.

तुमच्याकडे मात्र पहिला संशय डिकीतल्या अर्थवर. खाऱ्या हवेत उघडा घासलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लांब वायरने जोडा, दुसरं ॲम्पच्या मायनसला, आणि गाणं जोरात लावा. ०.१ ते ०.२ व्होल्ट चालेल. ०.५ दिसलं तर बोल्ट सोडा, बहुधा तपकिरी पूड निघेल. सीट बेल्टचा बोल्ट अर्थ म्हणून वापरला असेल तर तो लगेच मोकळा करा. त्यावर चिकट लेप असल्यामुळे जोड वाईट होतो, आणि तो बोल्ट तुमचा जीव धरून ठेवायला आहे. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबी शिटी दाबते, पण स्वस्त डबीतला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचा बेसही खातो.

प्रश्न : ट्रकच्या केबिनमध्ये १२ व्होल्टचा ॲम्प आहे. २४ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून वीज घेतली. दर वर्षी एकच बॅटरी बसते, आणि दुसरीचं पाणी आटतं. असं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कारण चार्जिंग दोघींना मिळून होतं आणि खर्च एकीचाच. अल्टरनेटर दोन्ही टोकांवर मिळून २८ व्होल्ट राखतो, मधल्या जोडावर काय चाललंय ते त्याला कळत नाही. जिच्यावरून ॲम्प चालतो ती दमून १३ वर राहते, मग दुसरीच्या वाट्याला १५ येतात. पहिली कधीच पूर्ण भरत नाही, दुसरी रोज उकळते. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं एकाच दोषाची आहेत.

उपाय २४ ते १२ व्होल्ट कन्व्हर्टर. ३० अँपिअरचा कन्व्हर्टर १३.८ व्होल्टला ४१० वॉटच्या आसपास देतो, म्हणजे क्लास डी ॲम्पमधून ३०० वॉट आरएमएस. केबिनला ते भरपूर होतं. अँपिअरचा आकडा सततचा आहे की क्षणिक, हे बघून घ्या, आणि तो हवेशीर जागी लावा. सध्याच्या बॅटऱ्या आता असमान झाल्या आहेत, बदलताना दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या घ्या.

प्रश्न : धरणाकाठी तंबू टाकून इंजिन बंद ठेवून दोन तास गाणी ऐकायची आहेत. घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी डिकीत ठेवली तर?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. ती पाण्याची बॅटरी आहे, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि डिकी म्हणजे हॅचबॅक-एसयूव्हीत केबिनच. वळणावर ॲसिड सांडण्याचा धोका वेगळा. शिवाय ती सावकाश, लांबवर वीज द्यायला बनवलेली असते, ठोक्याला लागणारा १०० अँपिअरचा झटका तिला मानवत नाही.

सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली बॅटरी) घ्या. मध्यम आवाजात सरासरी २० अँपिअर ओढ धरली तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरून अडीच तास देते. निम्म्याच्या खाली रोज उतरवलीत तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. वजन ३० किलोच्या आसपास, त्यामुळे लोखंडी पट्टीने चेसिसला बोल्ट करा. ब्रेक लागल्यावर ३० किलोचा ठोकळा पुढे येतो.

दोन बॅटऱ्यांच्या मधे व्होल्टेज बघून चालणारा रिले लावा. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की तो जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. म्हणजे सकाळी स्टार्टरची बॅटरी शाबूत. केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज, कारण आता दोन्ही टोकांना बॅटरी आहे. एकाच टोकाला लावलात तर मधे शॉर्ट झाल्यावर दुसरी बॅटरी केबल जाळत राहते.

स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत हा रिले फसतो. इंधन वाचवायला ईसीयू चालत्या गाडीतही व्होल्टेज १२.८ च्या खाली आणतो आणि रिले सारखा जोड-तोड करत बसतो. तिथे डीसी-डीसी चार्जर लागेल, म्हणजे येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी दुसऱ्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा. लिथियम बॅटरी घ्यायची असेल तरी तोच, २० ते ३० अँपिअरचा. रिकामी लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली तर तो देईल तेवढा करंट ती ओढते, आणि आयडलवर, पंखा हळू फिरत असताना, अल्टरनेटर तापून जातो.

प्रश्न : दोन सबवूफर आहेत, प्रत्येकाला ४ ओहमच्या दोन कॉइल. ॲम्प २ ओहमला ६०० वॉट, ४ ओहमला ३५० वॉट. आवाज वाढवला की प्रोटेक्टचा लाल दिवा लागून बंद पडतो. अल्टरनेटर कमी पडतोय का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी वायरिंग बघा. चारही कॉइल समांतर जोडल्या असतील तर भार १ ओहम होतो, तो या ॲम्पला झेपत नाही. ४ ओहमच्या चार कॉइलमधून २ ओहम निघतच नाहीत. एकतर १, नाहीतर ४, किंवा १६. प्रत्येक सबच्या दोन कॉइल एकामागे एक जोडा (८ ओहम), मग दोन सब समांतर, म्हणजे ४ ओहम. ॲम्पच्या बाजूने मल्टिमीटर लावलात तर ३.२ ते ३.६ दाखवेल, ते बरोबर आहे. डीसी रेझिस्टन्स नेहमी छापील आकड्यापेक्षा कमीच येतो.

मग गेन. गेन हे आवाजाचं बटण नाही, हेड युनिटच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचं आहे. सब सोडवा, बास बूस्ट शून्यावर आणा, हेड युनिट तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा. ३५० गुणिले ४ चं वर्गमूळ ३७. सदतीस व्होल्टला थांबा. त्यापुढे लाटेचं डोकं कापलं जातं, ॲम्प जास्त करंट ओढतो आणि कॉइल तापते, आवाज मात्र वाढल्यासारखा फक्त वाटतो.

एवढं करूनही लाल दिवा लागला तर त्या क्षणी ॲम्पच्या टोकांवरचं व्होल्टेज बघा. बरेचसे ॲम्प साडेदहाच्या आसपास स्वतःला बंद करतात.

प्रश्न : ॲम्प लावल्यापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही. बॅटरी नवीन आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ॲम्पच्या ‘रिमोट’ची (ॲम्पला चालू-बंदची खूण देणारी) बारीक वायर कायम वीज असलेल्या ठिकाणी जोडली आहे, जवळजवळ नक्की. मग ॲम्प रात्रंदिवस जागा राहतो आणि गाणं नसतानाही १ अँपिअरच्या आसपास खातो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याने दीड दिवसात पूर्ण रिकामी होते, स्टार्टर तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. किल्ली काढल्यावर ॲम्पचा दिवा पेटलेला आहे का ते बघा. रिमोट वायर हेड युनिटच्या निळ्या-पांढऱ्या वायरला जोडा, कंपनीच्या हेड युनिटला ती नसेल तर किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून घ्या.

खात्रीसाठी गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी मॉड्यूल झोपतात. मग मायनस सोडवून मधे मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. ०.०५ च्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर ॲम्पचा मोठा फ्यूज काढून पुन्हा बघा. मीटर मधे असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत एवढी मोठी बॅटरी आहे. तिच्यावरून थेट मोठा ॲम्प चालवता येईल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही. मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते, तिच्या नारिंगी केबलींना कुणीही बाहेरचा हात लावू नये. तुमचा ॲम्प छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालेल, आणि तिला अल्टरनेटरऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टर भरतो. एक फायदा आहे, हा कन्व्हर्टर सिग्नलला थांबल्यावरही पूर्ण ताकद देतो. पण स्टीअरिंग, ब्रेकचं बूस्टर, दिवे, पंप, सगळे त्याच्याच जिवावर असतात, आणि ओढ जास्त झाली की गाडी एरर दाखवून उभी राहू शकते. क्लास डी ॲम्प घ्या, ४०० ते ५०० वॉट आरएमएसच्या आत राहा, फ्यूज बॅटरीजवळ, अर्थ बॉडीवर. आणि गाडी ‘रेडी’ मोडमध्ये नसताना गाणी लावून बसू नका. त्या वेळी बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टर बंद असतो, १२ व्होल्टची बॅटरी उतरते, आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.